चित्रकाराची मुद्रा : शिक्क्यापासून जलरंगापर्यंत



‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण मराठी माणसे सहज वापरतो. एखादी गोष्ट पक्की झाली, आता तीत फेरफार होणे नाही, एवढा अर्थ आपल्या मनात असतो. पण हा जोडशब्द दोन वेगळ्या मुद्रांचा बनलेला आहे, हे फारसे ध्यानात येत नाही. जुन्या मराठी राजपत्रांत शिक्का पत्राच्या वरच्या भागात उमटविला जाई आणि मोर्तब अगदी शेवटी, मजकूर जेथे संपतो तेथे. पहिली मुद्रा सांगे की हे पत्र कोणाचे. दुसरी सांगे की लिहिणाराचे म्हणणे येथे संपले, याखाली कोणी काही जोडू नये. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात जी लहानशी खूण करतो, तीत ही दोन्ही कामे एकवटलेली असतात. हे चित्र माझे, आणि ते येथे पुरे झाले, अशी ती एका दमात दिलेली ग्वाही असते.

या खुणेला आजचे विद्यार्थी ‘लोगो’ म्हणतात. मी तिला चित्रकाराची मुद्रा म्हणेन. तिचा इतिहास, विशेषतः चित्रकारांनी स्वतःची मुद्रा मोडून पुन्हा कशी घडविली आणि जलरंगासारख्या नाजूक माध्यमाने तिच्याकडून काय मागितले, हा माझ्या आजच्या निबंधाचा विषय आहे. गेली अनेक वर्षे मी इंदुरात चित्रकला शिकवीत आलो. अलीकडे मी माझी स्वतःची जुनी मुद्रा जलरंगाच्या परंपरागत पद्धतीने नव्याने घडविली. त्या निमित्ताने जे वाचले, पाहिले आणि हाताने करून पाहिले, तेच येथे मांडतो.

मुद्रा बदलणे म्हणजे चंचलपणा, असा एक समज आहे. आपल्याच इतिहासातले एक उदाहरण त्याला उत्तर देण्यास पुरेसे आहे. शहाजीराजे आणि जिजाबाई यांच्या मुद्रा फारसीत होत्या, त्या काळच्या दरबारी रिवाजास धरून. शिवाजीराजांची मुद्रा संस्कृतात आली आणि तिचा आशय वाढत जाणाऱ्या चंद्रकोरीचा होता. घराणे तेच, मुलूख तोच, कागद आणि शाईही तीच. पण मुद्रेची भाषा बदलली आणि त्या बदलाने एका नव्या राज्याचा हेतू कागदावर उमटला. जी मुद्रा स्वतःला वाढती चंद्रकोर म्हणविते, तिला बदलाचे वावडे असण्याचे कारणच नाही. बदल कशासाठी केला, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचारलाच पाहिजे.

राजमुद्रेकडून चित्रकाराच्या मुद्रेकडे वळताना प्रथम चीनकडे पाहावे लागते, कारण चित्र आणि ठसा यांचे नाते तेथे जितके जुने आणि घनिष्ठ आहे तितके अन्यत्र क्वचितच असेल. काळ्या शाईत काढलेल्या चित्रावर हिंगुळाच्या लाल रंगाचा लहान चौकोनी ठसा, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. हे ठसे दोन जातींचे असतात. एकात अक्षरे लाल उठतात आणि भोवतालचा कागद पांढरा राहतो. दुसऱ्यात सारा चौकोन लाल होतो आणि अक्षरे पांढरी राहतात, म्हणजे अक्षरांच्या जागी रंग नसतो, तेथे केवळ कागद असतो. ही दुसरी जात विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी, कारण जलरंगाचे सारे मर्म तीत आहे. पुढे तिचा उल्लेख पुन्हा येईल. चीनमध्ये ठसा केवळ चित्रकारच उमटवीत असे असेही नाही. चित्र ज्याच्या संग्रहात जाई तोही आपला ठसा त्यावर मारी. अठराव्या शतकातील छियनलुंग बादशहाला या गोष्टीचा एवढा नाद होता की त्याच्या संग्रहातील कित्येक प्राचीन चित्रांवर त्याचे लाल ठसे दाटीने बसलेले दिसतात. मुद्रा चित्रात कोठे आणि केवढी असावी याचे तारतम्य सुटले, की मालकी चित्रावर कशी स्वार होते, त्याचा हा नमुना होय.

जपानमध्ये चित्रकाराने आपले नावच बदलावे अशी प्रथा होती आणि तिचा सर्वांत मोठा उपासक होकुसाई. १७६० साली जन्मलेल्या आणि १८४९ साली वारलेल्या या चित्रकाराने आयुष्यात तीसहून अधिक नावे धारण केली. जुने नाव तो कधी आपल्या शिष्याला देऊन टाकी. त्याची उसळणारी प्रचंड लाट जगभर पोहोचली आहे. १८३१च्या सुमाराच्या त्या मुद्राचित्राच्या वरच्या डाव्या बाजूस चौकटीशेजारी त्याची सही आहे, आणि तिचा भावार्थ असा की हे चित्र पूर्वीच्या होकुसाईच्या, आता इइत्सु झालेल्याच्या, कुंचल्याचे. बदल झाकण्याऐवजी त्याने तो सहीतच नोंदवून ठेवला. जुनी ओळख पुसली नाही, नवी लपविली नाही. ज्यांना आपली मुद्रा बदलावीशी वाटते त्यांच्यापुढे याहून प्रामाणिक आदर्श मला ठाऊक नाही. पुढे १८३४ साली निघालेल्या फुजीच्या शंभर दृश्यांच्या ग्रंथावर तो स्वतःला चित्राने वेडावलेला म्हातारा म्हणवितो. तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती.

युरोपात मात्र मुद्रेचा इतिहास नक्कल आणि न्याय यांच्या वाटेने गेला. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्युरर याचा जन्म १४७१चा, मृत्यू १५२८चा. त्याचा बाप सोनार होता, आणि सोनाराच्या धंद्यात आपल्या मालावर खूण ठेवणे ही नित्याची गोष्ट असते. ड्युररने आपल्या नावाच्या दोन आद्याक्षरांची एक खूण बनविली. रोमन लिपीतील ‘ए’ हे अक्षर एखाद्या रुंद दारासारखे उभे करून त्याच्या दोन पायांमध्ये त्याने ‘डी’ हे अक्षर बसविले. आरंभीच्या कामांत ही अक्षरे चाचपडत जवळ येताना दिसतात. १४९८च्या सुमारास, त्याची प्रलयाच्या दृश्यांची लाकडी ठशांची चित्रमाला निघाली तोवर, ती एकजीव झालेली होती. ही चित्रे छापील असल्याने गावोगाव विकली जात आणि त्याबरोबर ती खूणही गावोगाव पोहोचे. चित्रकाराला न पाहिलेली माणसे त्याला खुणेवरून ओळखू लागली.

खूण प्रसिद्ध झाली की तिची चोरीही सुरू होते. इटलीतील मार्कान्तोनिओ रायमोंदी या नक्षीकाराने ड्युररच्या लाकडी ठशांच्या चित्रांच्या नकला तांब्याच्या पत्र्यावर कोरल्या, आणि खुणेसकट कोरल्या. वासारी या चरित्रकाराने १५६८ सालच्या आपल्या ग्रंथात सांगितले आहे की ड्युररने व्हेनिसच्या राज्यसभेकडे दाद मागितली, तेव्हा एवढाच निर्णय मिळाला की मार्कान्तोनिओने यापुढे ती खूण वापरू नये. नगरदप्तरातही अशीच एक नोंद आहे. १५१२ साली न्यूरेंबर्गच्या नगरपरिषदेने नगरभवनाजवळ चित्रे विकणाऱ्या एका परक्या विक्रेत्याला ताकीद दिली की ड्युररची खोटी खूण असलेल्या चित्रांवरील खुणा काढून टाकाव्यात, नाहीतर चित्रे जप्त होतील. दोन्ही ठिकाणचा निवाडा नीट वाचण्यासारखा आहे. चित्राची नक्कल करण्यास बंदी झाली नाही, दुसऱ्याच्या नावाने ती विकण्यास झाली. युरोपातील कायद्याने चित्रकाराच्या कल्पनेच्या आधी त्याच्या खुणेला संरक्षण दिले, असे म्हणता येईल.

याच ड्युररने जलरंगात जे केले ते मला त्याच्या छापील चित्रांहून जवळचे वाटते. १५०२चा त्याचा ससा आणि १५०३चा गवताचा तुकडा, ही दोन्ही चित्रे व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहेत. सशाखाली साल आहे आणि ती खूणही आहे. परंतु त्याच्या कित्येक रेखाटनांवर आणि जलरंगांवर दिसणारी खूण त्याच्या हातची नाही, ती नंतरच्या कोणी घातलेली आहे, असे अभ्यासकांना आढळून आले आहे. खूण उत्तम असली, ठळक असली, नेमकी असली, तरी ती दुसऱ्याला काढता येते. किंबहुना जितकी ती यांत्रिक आणि ठरीव, तितकी ती काढणे सोपे. हा धडा पुढच्या तीन शतकांत फारसा कोणी गिरविला नाही. तो गिरविला एका अमेरिकन माणसाने, जो दीर्घकाळ लंडनमध्ये राहिला आणि भांडला.

जेम्स मॅकनील व्हिसलर याचा जन्म १८३४ सालचा, अमेरिकेतील लोवेल गावचा. १८६०च्या दशकात जपानी मुद्राचित्रे आणि चिनी निळी-पांढरी भांडी गोळा करण्याचे वेड लंडन-पॅरिसच्या चित्रकारांना लागले होते. व्हिसलर त्यांत आघाडीवर होता. चिनी भांड्यांच्या बुडाशी कुंभाराची खूण असते, जपानी चित्राच्या कडेला चौकटीत सही असते. ते पाहून त्याने आपल्या नावाची आद्याक्षरे एकमेकांत गुंफण्यास आरंभ केला. गुंफता गुंफता १८७०च्या सुमारास त्या अक्षरांना पंख फुटले आणि त्यांचे फुलपाखरू झाले. पुढची तीस वर्षे, १९०३ साली मृत्यू येईपर्यंत, हे फुलपाखरू त्याची मुद्रा होते. आणि तीस वर्षांत ते एकसारखे कधीच राहिले नाही.

हे बदल तीन प्रकारचे होते आणि तिन्ही समजून घेण्याजोगे आहेत. पहिला बदल जागेचा. टॉमस कार्लाइल या ग्रंथकाराचे व्हिसलरने १८७२-७३ मध्ये काढलेले व्यक्तिचित्र १८९१ साली ग्लासगो शहराने विकत घेतले. त्यात भिंतीच्या मोकळ्या भागात एका वर्तुळात फुलपाखरू आहे. ते तेथून काढले तर चित्राचा तोल जाईल. सही खालच्या उजव्या कोपऱ्यातच करावी हा रिवाज त्याने मोडला आणि मुद्रेला चित्राच्या रचनेतील एक घटक मानले. अम्लरेखाचित्रांच्या बाबतीत तर तो आणखी पुढे गेला. छापलेल्या कागदाचे चारही समास तो कापून टाकी, फक्त एक लहानशी जीभ ठेवी आणि तीवर शिसपेन्सिलीने फुलपाखरू काढी. त्याशेजारी एक संक्षिप्त लॅटिन शब्द लिही, ज्याचा अर्थ हा कागद मी स्वतः छापला आहे. छापील चित्रावर हातची मुद्रा ठेवण्यामागचा हेतू ड्युररचे हाल पाहिलेल्या माणसाला सहज कळेल.

दुसरा बदल स्वभावाचा. १८७७ साली जॉन रस्किन या प्रख्यात समीक्षकाने त्याच्या एका चित्रावर अत्यंत कठोर टीका छापली. व्हिसलरने अब्रुनुकसानीची फिर्याद केली. नोव्हेंबर १८७८ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, पण भरपाई म्हणून मिळाले एक फार्दिंग, म्हणजे त्या देशातील सर्वांत लहान नाण्यांपैकी एक. खटल्याच्या खर्चाने तो बुडाला आणि १८७९ साली त्याचे दिवाळे निघाले. त्यानंतरच्या वर्षांत त्याच्या फुलपाखराला शेपटी आली आणि शेपटीला नांगी आली. पत्रांत आणि १८९० साली निघालेल्या त्याच्या वादविवादांच्या पुस्तकात हे नांगीचे फुलपाखरू पानोपान उडताना, डिवचताना, कधी हसताना दिसते. माणसाला जे सोसावे लागले ते त्याच्या मुद्रेने टिपून घेतले.

तिसरा बदल माध्यमाचा, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. दिवाळे निघाल्यावर व्हिसलर काही काळ व्हेनिसला गेला आणि परत आल्यावर १८८०च्या दशकात तो जलरंगाकडे नेटाने वळला. लहान आकाराची, थोडक्या वेळात होणारी, सहज विकली जाणारी ही चित्रे त्याने १८८४ साली लंडनमधील डाउड्सवेल यांच्या दालनात मांडली. समुद्रकिनारे, दुकानांची दर्शनी भाग, धुके, दिवे. त्याची पन्नासाहून अधिक जलरंगचित्रे आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात एकत्र आहेत. या चित्रांतील फुलपाखरू तैलरंगांतल्यासारखे कोरीव नाही. ओल्या कुंचल्याचे चार-पाच फटकारे, एखादा ठिपका, बस्स. त्याचा रंग चित्रातल्याच एखाद्या रंगाचा असतो. पंख मोजून काढलेले नसतात, तरी हे कोणाचे याविषयी शंका राहत नाही. जलरंगाने त्याच्या मुद्रेतील अनावश्यक सारे धुऊन टाकले आणि जे उरले ते त्याच्या हाताचे वळण होते. ठरीव आकृतीची चोरी करता येते. वळणाची चोरी करणे फार कठीण.

आता आपल्या देशाकडे वळू. मुघल दरबारातील चित्रे डिंकात खललेल्या रंगांची, म्हणजे व्यापक अर्थाने पाण्याच्याच रंगांची. त्यांत चित्रकाराचे नाव असलेच तर इतके बारीक, की शोधावे लागते. पण एक कोवळी सही मला या शाळेतील मुलांना आवर्जून सांगावीशी वाटते. ड्युररच्या १५११ सालच्या एका कोरीव चित्रातील संत जॉनची आकृती सुमारे १६०० साली हिंदुस्थानात एका मुलाने उतरविली. त्याचे नाव अबुल हसन, आका रिझा या चित्रकाराचा मुलगा. हे रेखाटन आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. त्यावर त्याने आपले नाव, बापाचे नाव आणि आपण तेराव्या वर्षात असल्याची नोंद केली आहे. इटलीच्या नक्षीकाराने ड्युररचे चित्र घेताना ड्युररची खूणही घेतली होती. या तेरा वर्षांच्या मुलाने चित्र ड्युररचे घेतले आणि खाली नाव स्वतःचे लिहिले. शिकण्यासाठी केलेली नक्कल आणि फसविण्यासाठी केलेली नक्कल यांतील अंतर एवढ्या एका सहीने स्पष्ट होते. हाच मुलगा पुढे जहांगीर बादशहाचा अत्यंत आवडता चित्रकार झाला.

आधुनिक काळात पाण्याच्या रंगाला हिंदुस्थानात जी नवी दिशा मिळाली ती कलकत्त्यास. १९०३ साली योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार तेथे आले. त्यांची ओल्या कागदावर रंग विरघळू देण्याची रीत पाहून अवनीन्द्रनाथ ठाकुरांनी आपली धुवाई पद्धत सिद्ध केली, जिला चित्रकार ‘वॉश’ म्हणतात. रंगविलेला कागद पाण्यात बुडवायचा, न मुरलेला रंग निघून जाऊ द्यायचा, वाळवायचा, पुन्हा पातळ रंग चढवायचा. असे अनेकदा केल्यावर रंग कागदावर बसलेला न वाटता कागदातून उगवलेला वाटतो. १९०५चे त्यांचे भारतमातेचे चित्र याच रीतीचे आहे.

आपल्या इंदूरचा वारसा निराळा पण तितकाच अभिमानाचा. १९२७ साली येथे सुरू झालेल्या कलाशाळेत दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली नारायण श्रीधर बेंद्रे शिकले, मकबूल फिदा हुसेन शिकले. बेंद्रे जन्माने इंदूरचे, पुढे बडोद्याच्या कलाविभागात त्यांनी पिढ्या घडविल्या. त्यांच्या अनेक चित्रांवर देवनागरी सही आहे. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, बालपण इंदूरचे. त्यांनी आपले नाव कधी देवनागरीत, कधी उर्दूत, कधी रोमन लिपीत, तर कधी एकाच चित्रावर एकाहून अधिक लिप्यांत लिहिले. लिपी बदलली तरी ती जोरकस, धावती रेघ तीच राहिली. व्हिसलरच्या फुलपाखराने जे सिद्ध केले तेच येथे आपल्या घरच्या अक्षरांनी सिद्ध केले.

मुद्रेची उपेक्षा झाली तर काय होते, याचेही एक उदाहरण जवळचेच आहे. सावंतवाडीकडून आलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे जलरंगाचे श्रेष्ठ चित्रकार. हातात समई घेतलेल्या स्त्रीचे त्यांचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ज्योतीवर धरलेल्या हाताच्या बोटांतून झिरपणारा तो उजेड लाखो लोकांनी पाहिला आणि त्यांतील कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचे चित्र समजून घरी गेले. दोघांविषयी आदर राखून मी म्हणेन की हा अन्याय दोघांवरही आहे. प्रेक्षक चित्र पाहतो, कोपरा पाहत नाही, आणि प्रसिद्ध नाव रिकाम्या जागेत आपोआप शिरते.

हळदणकरांच्या त्या चित्रातील उजेड कोठून येतो? जलरंग पारदर्शक असतो. त्यात पांढरा रंग वरून देण्याची शुद्ध रीत नाही. जो पांढरा दिसतो तो कागद असतो, चित्रकाराने आधी विचार करून राखून ठेवलेला. चिनी ठशाच्या दुसऱ्या जातीचा उल्लेख मी मघाशी केला. त्यातील पांढरी अक्षरे आणि हा राखलेला उजेड, दोन्ही एकाच कुळातले. माझ्या मुद्रेच्या पुनर्रचनेला येथूनच दिशा मिळाली.

माझी जुनी मुद्रा बोरूने आणि काळ्या शाईने काढलेली होती. एका वर्तुळात नावाची दोन आद्याक्षरे. प्रशस्तिपत्रे, हस्तलिखिते, निमंत्रणपत्रिका यांवर ती शोभे, आणि त्या कामांसाठी तिने आपली चाकरी चोख बजावली. जलरंगात निसर्गचित्रे करू लागल्यावर मात्र ती परकी वाटू लागली. मऊ धुक्यावर कोणी खिळा ठोकावा तशी. म्हणून मी ती जलरंगाच्याच रीतीने पुन्हा मांडली. जाड सुती कागद भिजवून पाटीवर ताणला, म्हणजे पाणी पडल्यावर तो फुगत नाही. गेरू आणि थोडा अल्ट्रामरीन निळा एकत्र करून एक सपाट लेप दिला आणि अक्षरांची जागा कोरडी राखली. ओल्या लेपाला पाण्याची कोरडी हद्द ओलांडता येत नाही, एवढ्या साध्या नियमावर अक्षरे उभी राहिली. अल्ट्रामरीनचे कण जड असतात, ते खडबडीत कागदाच्या खाचांत बसतात आणि दाणेदार पोत देतात. प्रशियन निळा उलट, तो कागदाच्या तंतूंत शिरून घट्ट बसतो, मागाहून टिपून निघत नाही. मुद्रेसाठी पहिला बरा, कारण कडेला ओला कुंचला फिरवून टिपकागदाने त्याला हलके करता येते.

वर्तुळ मी सोडून दिले. देवनागरी अक्षराला स्वतःची चौकट असते, वर शिरोरेघ आणि बाजूला काना. तीच मी एका कुंचल्याच्या एका ओढीत घेतली. मग तीन कसोट्या लावल्या. नखाएवढी लहान केली तर ओळखू येते का? उलटी धरली तर आकार डौलदार राहतो का? दहा पावलांवरून ती चित्रात मुरते की चित्रावर ओरडते? तिन्हींना उतरेपर्यंत मी कागद बाजूला टाकीत गेलो. शेवटी आकार कायम ठेवला आणि रंग मोकळा सोडला. प्रत्येक चित्रात मुद्रेचा रंग त्या चित्राच्या सावलीतून येतो. पत्रव्यवहार आणि छपाई यांसाठी तिचेच एकरंगी रूप वेगळे केले, कारण पातळ लेपांचे बारकावे लहान छपाईत टिकत नाहीत.

या साऱ्यातून मला जे एक सूत्र हाती लागले ते असे. मुद्रेत काहीतरी स्थिर असावे लागते, नाहीतर ओळख पटत नाही. आणि काहीतरी जिवंत, बदलते असावे लागते, नाहीतर ती कोणालाही उचलता येते. ड्युररजवळ पहिले पूर्णपणे होते. व्हिसलरने दोन्हींचा मेळ घातला. आज यंत्रावर क्षणात शेकडो चिन्हे तयार मिळतात, चित्रेही मिळतात. अशा काळात हाताने, पाण्याने आणि कागदाच्या मर्जीने घडलेली मुद्रा ही हौस राहिलेली नाही. ती प्रत्येक वेळी किंचित वेगळी उमटते आणि म्हणूनच ती एका जिवंत माणसाची असते.

एक अखेरची गोष्ट या शाळेपुरती सांगतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते येथे चित्रकलाच शिकवीत. मुलांच्या प्रत्येक चित्रामागे नाव, इयत्ता आणि तारीख लिहिल्याखेरीज ते कागद जमा करून घेत नसत. त्यांची स्वतःची काही जलरंगचित्रे मात्र शाळेच्या कपाटात आहेत आणि त्यांवर कसलीही खूण नाही. सावलीत गेरू मिसळण्याच्या त्यांच्या सवयीवरून आम्ही दोघेचौघे जुने विद्यार्थी ती ओळखतो. आमच्यानंतर ती कोण ओळखणार? हळदणकरांच्या चित्राचे जे झाले ते या कागदांचेही होईल, फरक एवढाच की येथे दुसऱ्या कोणाचे नावसुद्धा लागणार नाही, ते केवळ जुने कागद ठरतील.

म्हणून माझी शाळेला विनंती आहे की हयात असलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून ही चित्रे ओळखून घ्यावीत आणि प्रत्येकाच्या मागे शिसपेन्सिलीने, ओळखणाऱ्याच्या नावासह, तशी नोंद करावी. पुढच्या बाजूस कोणी काही लिहू नये. गुरुजींनी जेथे कागद कोरा राखला तेथे तो कोराच राहू द्यावा. नंतर घातलेल्या खुणांनी ड्युररच्या अभ्यासकांना किती घोटाळ्यात टाकले, ते आपण पाहिलेच. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हाला एवढेच सांगणे, की पुढच्या चित्राच्या वेळी कागद ताणतानाच आपल्या मुद्रेची जागा ठरवा आणि ती कोरडी राखा. अबुल हसन तेरा वर्षांचा होता. तुमच्यातील पुष्कळांचे वय आज तेवढेच आहे.